दीड मीटरचं रेल्वे इंजिन अंगणात: खर्च आवाक्यात आला, पण ब्रेकची जबाबदारी कुणाची?

गणपतीच्या देखाव्यात कोकण रेल्वे करायची हौस रत्नागिरीला नवी नाही. पुठ्ठ्याचा बोगदा, थर्माकोलचा डोंगर आणि त्यातून बाहेर येणारी गाडी. २०२३ मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली आणि देखाव्यातल्या गाडीचा रंगही बदलला.

आता या हौसेने पुढचं स्टेशन गाठलंय. रिमोटवर चालणारी, वेल्डिंग केलेल्या लोखंडी सांगाड्याची, दीड मीटर लांबीची इंजिनं. मागे डबा जोडला तर दोन-तीन मुलं बसवून फिरवतील इतकी ताकदवान. असे व्हीडिओ मोबाइलवर दिसले की खाली पहिली कमेंट ठरलेली असते, ‘किती खर्च आला?’

खर्चाचं उत्तर दिलासा देणारं आहे. पण त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रिमोटचा सिग्नल तुटला, तर ही गाडी थांबते कशी? आणि नाही थांबली, तर जबाबदार कोण?

राजवाड्यातून अंगणापर्यंत

छोटी रेल्वे हा एकेकाळी राजेरजवाड्यांचा शौक होता. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची गाडी जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून फिरायची. पाहुण्याने गाडीतली सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. नियंत्रणाची कल्पना किती जुनी आहे, हे यावरून दिसतं.

बडोद्याच्या गायकवाडांच्या राजवाड्यात १९४० च्या दशकात राजपुत्रासाठी माणसं बसतील अशी छोटी रेल्वे आणली गेली. पुढे ती सयाजीबागेत सामान्य मुलांसाठी धावली. पुण्यात पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे. पुण्यातच कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या गाड्या टेबलावर मावतील अशा आहेत.

म्हणजे महाराष्ट्राला दोन टोकं माहीत आहेत. टेबलावरची नाजूक गाडी आणि बागेतली झुकझुकगाडी. यांच्या मधला आकार, घरी बनवता येईल पण वजनदार आणि ताकदवान असेल असा, आपल्याकडे कमी दिसतो. ब्रिटनमध्ये या मधल्या आकाराचे कित्येक क्लब आहेत. त्यांच्याकडे स्वतःचे रूळ आहेत आणि गाडी रुळावर घेण्याआधी ती तपासून पाहायची पद्धत आहे. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

‘मोठं मॉडेल’ म्हणजे नेमकं किती मोठं?

भारतातल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. जगभरच्या छांदिष्टांमध्ये ‘पाच इंची’ गेज लोकप्रिय आहे, म्हणजे १२७ मिलिमीटर. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर येतं १३.२. खऱ्या गाडीचं प्रत्येक माप १३.२ ने भागलं की मॉडेलचं माप मिळतं.

कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण होऊन जून २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्यानंतर या मार्गावर डब्ल्यूएपी-७ सारखी विजेची इंजिनं नेहमीची झाली. हे इंजिन साधारण २०.५६ मीटर लांब, १२३ टन वजनाचं. मॉडेलमध्ये ते १.५६ मीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद होतं. १०९२ मिलिमीटरचं चाक ८३ मिलिमीटरवर येतं.

वजनाचं गणित मात्र वेगळं असतं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात, त्यामुळे वजन १३.२ ने तीनदा भागावं लागतं. १२३ टनांचे उरतात जवळपास ५३ किलो. म्हणजे दोन माणसांनी उचलायचं ओझं.

आता हेच गणित रत्नागिरीच्या आसपासच्या बांधकामांना लावलं तर काय दिसतं? पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंच पूल या मापात जवळपास पाच मीटर होतो, म्हणजे दीड मजला. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा जवळपास ५०० मीटर. आणि कोकण रेल्वेवरचं १२५० मीटर त्रिज्येचं वळण होतं ९५ मीटर. एवढं वळण कुणाच्या आगरात मावणार? त्यामुळे मॉडेलला सहा-दहा मीटरच्या वळणावर धावावं लागतं आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

खर्च इतका खाली कसा आला?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे मॉडेल करायचं तर मोटरपासून रिमोटपर्यंत बरंच काही परदेशातून मागवावं लागलं असतं. दरम्यान तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, ई-सायकली आणि ई-रिक्षा रस्त्यावर आल्या. त्यामुळे २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअरवाली मोटर सहज मिळू लागली. दुसरी, घरोघरी इन्व्हर्टर आणि यूपीएस आले, म्हणून १२ व्होल्टची छोटी बॅटरी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तिसरी, ड्रोन आणि रोबोटिक्सच्या छंदामुळे रिमोट, रिसीव्हर, मोटर ड्रायव्हर आणि ईएसपी-३२ सारखी छोटी सर्किटं ऑनलाइन स्वस्त झाली.

पण २५० वॉट पुरतात का? इंजिन, डबा आणि तीन मुलं मिळून २०० किलो वजन धरू. सपाट रुळावर ते ओढायला साधारण ३० न्यूटन जोर लागतो. शंभराला एक असा चढ असेल तर आणखी २०. चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी सात किलोमीटरने जायचं तर १०० वॉट लागतात. चेन आणि गिअरमधली गळती धरली तरी १५० च्या आसपास. मोटर पुरून उरते.

बॅटरीबाबत एक गंमत आहे. ड्रोनमध्ये वजन शत्रू असतं, म्हणून महाग लिथियम बॅटरी लागते. रेल्वे इंजिनात वजन मित्र असतं. चाकं रुळाला घट्ट धरून राहतात ती वजनामुळेच. त्यामुळे यूपीएसमधली जड, स्वस्त लेड-ॲसिड बॅटरी इथे दुहेरी काम करते. ७ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तर अर्धा-पाऊण तास गाडी फिरते.

बाजारातल्या साधारण दरांनी हिशेब असा बसतो. रिमोट-रिसीव्हर चार ते साडेपाच हजार, मोटर तीन हजार, मोटर ड्रायव्हर हजाराच्या आत, दोन बॅटऱ्या आणि चार्जर पावणेतीन हजार. लेथवर चाकं आणि ॲक्सल करून घ्यायला पाच हजार, बेअरिंग आणि चेन दीड हजार. सांगाड्याचं लोखंड आणि वेल्डिंग पावणेतीन हजार, बॉडी आणि रंग तीन हजार. एकूण २२ ते २५ हजार. एका बऱ्या मोबाइलची किंमत.

यात मोटर आणि रिमोट तयार मिळतात. चाकं मात्र मिळत नाहीत. चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, आणि रुळावर टेकणारा किंचित उतरता पृष्ठभाग अचूक लागतो. मिरजोळे एमआयडीसीसारख्या ठिकाणी लेथ आहेत, हात आहेत. पण लेथवाल्याला कागदावर नेमकं माप द्यावं लागतं. ‘रेल्वेच्या चाकासारखं करा’ म्हणून भागत नाही.

बॉडीसाठी पैसे वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे विजेचं किंवा डिझेलचं इंजिन निवडणं. ते मुळात एक खोकं असतं. प्लाय किंवा पीव्हीसी फोम शीट कापून होतं. वाफेच्या इंजिनाचा नुसता दिखाऊ बॉयलर करायचा असेल तर १४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो. फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना रत्नागिरीलाच असल्याने पाइपची वानवा पडायची नाही.

रिमोटसाठी परवाना लागतो का?

२.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या रिमोटसाठी वापरणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात. जुन्या खेळण्यांच्या रिमोटचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टाही मर्यादित शक्तीसाठी खुला आहे.

घोळ होतो तो लांब पल्ल्याच्या रिमोटमध्ये. अमेरिकी व्हीडिओंमध्ये ९१५ मेगाहर्ट्झचे संच सर्रास दिसतात. तिथे तो पट्टा खुला आहे. भारतात तो खुल्या पट्ट्यांत नाही आणि मोबाइल सेवेच्या पट्ट्याला चिकटून आहे. आपल्याकडे त्याऐवजी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ खुला आहे. शिवाय परदेशातून येणाऱ्या वायरलेस उपकरणांना ईटीए ही सरकारी मंजुरी लागते. ती नसेल तर पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. अंगणातल्या गाडीला काही किलोमीटरचा पल्ला लागतच नाही. त्यामुळे भारतीय विक्रेत्याकडचा २.४ गिगाहर्ट्झचा संच हाच सरळ मार्ग.

जमिनीवर धावणाऱ्या गाडीला ड्रोनचे नियम लागू होत नाहीत.

तयार इंजिन परदेशातून आणलं तर?

आणता येतं, पण कायद्याच्या नजरेत ते ‘खेळणं’ ठरतं. कस्टमच्या ज्या शीर्षकात बाहुल्या आणि कोडी येतात, त्याच ९५०३ क्रमांकाच्या शीर्षकात ‘लहान मापाची मॉडेल्स’ही येतात, मग ती चालती असोत वा नसोत.

खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं मानक सक्तीचं झालं. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला.

स्वस्त, निकृष्ट खेळण्यांना आळा घालणं हा या धोरणाचा हेतू. त्यात मोठी मॉडेल्सही सापडली. परदेशी बनावटीचं तयार इंजिन वाहतूक आणि शुल्क धरून लाखांच्या घरात जातं. पण सुटी मोटर, बॅटरी, लोखंड आणि सर्किटं ही ‘खेळणं’ म्हणून येत नाहीत. म्हणजे या भिंतीने विकत घेणाऱ्याची वाट अडवली, बनवणाऱ्याची नाही.

रुळांचा खर्च आणि कोकणातला पाऊस

इंजिनाच्या उत्साहात रुळांचा हिशेब राहून जातो. ४० मीटरचं वर्तुळ करायचं तर ८० मीटर लोखंडी पट्टी लागते. २० बाय ६ मिलिमीटरची पट्टी मीटरला जेमतेम एक किलो भरते, म्हणजे ७५ किलो लोखंड. पाच हजारांच्या आसपास. स्लीपर, वेल्डिंग आणि रेडऑक्साइड धरून १२ हजारांपर्यंत जातं.

कोकणात यात दोन गोष्टी वाढतात. खारा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. उघड्यावरची पट्टी एका पावसाळ्यात गंजून खरबरीत होते. म्हणून रुळाचे तुकडे उचलून आत ठेवता येतील असे, दोन-दोन मीटरचे करणं शहाणपणाचं. पाया मात्र इथे फुकटात जमेची बाजू आहे. जांभ्याचे चिरे समपातळीत बसवले की पाण्याचा निचराही होतो आणि रूळही हलत नाहीत.

दुसरी अडचण वळणाची. डब्ल्यूएपी-७ च्या प्रत्येक बोगीला तीन ॲक्सल असतात. सहा मीटरच्या वळणावर मधलं ॲक्सल अडकतं. त्यावर जुना उपाय आहे. मधल्या चाकांना फ्लँजच ठेवायची नाही. लांबून फरक कळत नाही आणि गाडी वळणावर घसरत नाही.

मुलं बसली की काय बदलतं?

इथपर्यंत ही हौस आहे. गाडी एकटी धावते, घसरली तर रंग खरवडतो. डब्यावर मूल बसलं की सगळं बदलतं.

पाच इंची रुळावर दोन चाकांमधलं अंतर १२७ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून एका बाजूला फक्त ६३ मिलिमीटर, चार बोटांइतकं. बसलेल्या मुलाचा आणि डब्याचा एकत्रित गुरुत्वमध्य रुळापासून ३५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तो बाजूला ६३ मिलिमीटर सरकला की डबा कलंडतो. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आईकडे वळून मूल वाकलं, तरी एवढं होऊ शकतं.

त्यात वेग घाला. सहा मीटरच्या वळणावर ताशी सात किलोमीटर वेगाने तोल साधारण २४ मिलिमीटर बाहेर ढकलला जातो. चालून जातं. वेग दुप्पट केला तर तोल दुप्पट नाही, चौपट सरकतो. ९५ मिलिमीटर. गाडी उलटणार, हे गणितच सांगतं. म्हणून परदेशातले अनेक क्लब पाच इंची रूळ उंचावर बांधतात आणि प्रवाशाला घोड्यावर बसल्यासारखं, पाय रुळाच्या खाली सोडून बसवतात. पायाचं वजन खाली गेलं की तोल सावरतो. जमिनीवरच्या रुळावर माणसं बसवायची तर सव्वासात इंचांचं, १८४ मिलिमीटरचं गेज पसंत करतात.

आता थांबण्याचं बघू. २०० किलोची गाडी ताशी सात किलोमीटरने चालली असताना नुसता करंट बंद केला, तर ती तिथेच थांबत नाही. स्वतःच्या वेगाने आणखी सुमारे १३ मीटर जाते. अंगण संपतं, पायरी येते.

मोटरची दोन टोकं ड्रायव्हरमधून एकत्र जोडली की मोटरच ब्रेकचं काम करते. पण इथे एक फसगत आहे. ई-सायकलच्या बऱ्याच मोटरींना फ्री-व्हील चकरी असते. सायकलवर पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसंच इथे होतं. मोटर थांबते, गाडी धावत राहते. म्हणून घट्ट बसवलेली चकरी लागते आणि डब्याला हाताने दाबायचा वेगळा ब्रेक लागतो. सायकलचा ब्रेकसुद्धा चालतो.

जून २०२४ मध्ये चंदीगडच्या एका मॉलमध्ये रुळाविना चालणाऱ्या टॉय ट्रेनचा शेवटचा डबा उलटला आणि त्यात ११ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. ती गाडी व्यावसायिक होती, घरी बनवलेली नव्हती. पण धडा तोच आहे. हळू चालणारी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असं नसतं.

सिग्नल तुटला तर?

रेडिओ नियंत्रणाचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तोच फुकट आहे. रिमोटची बॅटरी संपली, हातातून पडला किंवा मधे भिंत आली, तर रिसीव्हरने काय करायचं हे आधी ठरवून द्यावं लागतं. याला फेलसेफ म्हणतात. काही रिसीव्हर ते न ठरवल्यास शेवटचा हुकूमच पाळत राहतात. शेवटचा हुकूम ‘पुढे चल’ असेल, तर गाडी पुढेच जाते.

तपासणी सोपी आहे. इंजिन ठोकळ्यांवर उचलून चाकं हवेत फिरवायची आणि रिमोट बंद करायचा. अर्ध्या सेकंदात चाकं थांबली नाहीत, तर गाडी रुळावर न्यायचीच नाही. ईएसपी-३२ वापरून स्वतः रिमोट बनवणाऱ्यांनी हाच नियम प्रोग्रॅममध्ये लिहावा. अर्धा सेकंद संदेश आला नाही तर करंट शून्य.

खरी रेल्वेही याच तत्त्वावर चालते. लोको पायलटने ठराविक वेळात काहीच हालचाल केली नाही, तर इंजिनातलं दक्षता यंत्र आधी इशारा देतं, मग ब्रेक लावतं. ‘कवच’ प्रणालीत इंजिन आणि स्टेशन रेडिओवरून बोलतात आणि चालकाकडून वेळेत ब्रेक लागला नाही तर प्रणाली स्वतः लावते. अपघात टाळण्यासाठी रेडिओवर आधारित यंत्रणा बनवण्याचा प्रयत्न कोकण रेल्वेनेही ‘रक्षा कवच’ या नावाने पूर्वी केला होता.

वेगाची मर्यादाही प्रोग्रॅमवर सोडू नये. ती गिअरमध्येच बांधता येते. मिनिटाला सुमारे ३३० फेरे देणारी गिअर-मोटर आणि ८३ मिलिमीटरचं चाक, मधली चेन एकास एक ठेवली, तर सपाट रुळावर गाडी ताशी पाच किलोमीटरच्या फार पुढे जातच नाही. कुणी रिमोटची काडी पूर्ण ढकलली तरीही. याशिवाय बॅटरीच्या टोकाला फ्यूज आणि इंजिनावर हाताने दाबायचं लाल बटण. एवढ्याचा खर्च पाचशे रुपयांच्या आत.

कायदा कुठे आहे?

विचित्र गोष्ट अशी की कायदा दोन्ही टोकांना आहे, मधे नाही.

दुकानात विकलं जाणारं खेळणं असेल तर बीआयएसची मानकं आहेत. विजेच्या खेळण्यांसाठी २४ व्होल्टची मर्यादा आहे. जत्रेतले पाळणे किंवा बागेतली झुकझुकगाडी असेल तर करमणुकीच्या साधनांची मानकं आणि स्थानिक प्रशासनाच्या परवानग्या आहेत. पण कुणी स्वतःसाठी घरी बनवलेलं, न विकलेलं इंजिन कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही.

वाफेच्या खऱ्या इंजिनाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. शंभर वर्षं जुना १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. पण २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. पाच इंची इंजिनाचा बॉयलर सहसा यापेक्षा लहान असतो. म्हणजे त्याची तपासणी करायला सरकारी निरीक्षक येणार नाही. कायद्याने सूट दिली म्हणजे बॉयलर सुरक्षित झाला, असा अर्थ होत नाही. दाबाखालच्या वाफेला लिटरचं माप कळत नाही. कमी खर्चात करायचं असेल आणि मार्गदर्शक नसेल, तर खऱ्या वाफेच्या वाटेला न जाणंच बरं.

घरच्या अंगणात आपल्याच मुलाला बसवलं तर तो घरचा प्रश्न. तेच इंजिन गणेशोत्सवात मंडळाने आणलं, शाळेच्या प्रदर्शनात ठेवलं किंवा दहा रुपये तिकीट लावलं, की ते खेळणं राहत नाही. त्या क्षणी जबाबदारी बनवणाऱ्याची, आयोजकाची की परवानगी देणाऱ्याची, हे आधीच कागदावर यायला हवं.

मग रत्नागिरीसारख्या ठिकाणी काय करता येईल?

नवीन कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. क्लबची पद्धत उचलता येते. बनवणाऱ्याने स्वतःची गाडी स्वतः पास करायची नाही, दुसऱ्या जाणकाराने तपासायची. फेलसेफ, ब्रेक, तोल आणि फ्यूज या चार गोष्टी बघून सही करायची. मगच गाडी चार लोकांत न्यायची.

अशा जाणकारांची रत्नागिरीत वानवा नाही. शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, फिनोलेक्स अकॅडमीसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पन्नास-साठ मीटरचा एक सामायिक रूळ अशा एखाद्या आवारात टाकला, तर प्रत्येकाचे रुळांचे बारा हजार वाचतील आणि तपासणीही तिथेच होईल. एकट्याने केलं तर महाग पडणारी गोष्ट दहा जणांत स्वस्त पडते.

पैशाचा आणखी एक स्रोत डोळ्यांसमोर आहे. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अशा १० हजार लॅब झाल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब करण्याची घोषणा झाली. अनेक शाळांत थ्री-डी प्रिंटरवर किचेन छापली जातात. त्याच लॅबमध्ये एक इंजिन बनवायला घेतलं, तर मापं काढणं, वजनाचा घन, गिअर, बॅटरी, रेडिओ आणि प्रोग्रॅमिंग हे सगळं एकाच वस्तूत शिकता येईल. त्याचा खर्च अनुदानाच्या दीड टक्क्याच्या आत राहतो.

आणि सगळ्यात आधी शिकायची गोष्ट मुलांना तिथेच कळेल. इंजिन चालवून दाखवणं सोपं असतं. रिमोट बंद करून ते थांबवून दाखवलं, की मगच ते तयार झालं असं म्हणायचं.